टाच टेकली का?

समोर कोणीही आलं की पायवाले भाऊ आधी त्याच्या पायांकडे पाहायचे. दोन्ही टाचा जमिनीला नीट लागल्या आहेत याची खात्री झाली की मगच मान वर करून हात जोडायचे. नवे सिव्हिल सर्जन रुजू झाले त्या दिवशीही हेच झालं. साहेबांना वाटलं, आपल्या बुटाला काहीतरी लागलं आहे. बिचारे बराच वेळ पायपुसण्यावर बूट घासत उभे होते.

दुसरी सवय एका प्रश्नाची. "टाच टेकली का?" मूळ प्रश्न लहान मुलांच्या पायांबद्दलचा, पण भाऊ तो सगळ्या जगाला विचारायचे. माझ्या धाकट्या भावाला नोकरी लागली तेव्हा पेढा हातात धरून त्यांनी मला विचारलं, "मंग, टाच टेकली का त्याची?" बहिणीचं लग्न एकदा ठरून मोडलं आणि पुन्हा ठरलं, तेव्हाही हेच. मी हो म्हणेपर्यंत त्यांनी पेढा तोंडात टाकला नाही.

मी बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात बाबू होतो. छप्पन साली राज्यांची नवी मांडणी झाली आणि ज्या नागपूरला आमचे सगळे कागद जायचे ते नागपूरच परराज्यात गेलं. कागद भोपाळला जाऊ लागले. कचेरीत हिंदी, वरचा पत्रव्यवहार इंग्रजी, आणि मराठी उरली ती डबा खाताना. मला मात्र एका गोष्टीचा फार गर्व होता. माझ्या फायलीत कधी शाईचा डाग सापडायचा नाही. टाचणीसुद्धा मी सगळ्या कागदांना एकाच जागी लावायचो. या गर्वाबद्दल पुढं सांगायचं आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्या दवाखान्यात एक योजना आली. एका मोठ्या शहरातल्या मेडिकल कॉलेजच्या हाडांच्या विभागाला दिल्लीच्या सरकारनं संशोधनासाठी अनुदान दिलं होतं. विषय होता जन्मतः आत वळलेले पाय. अशा तान्ह्या मुलाचा पाय हातानं थोडा सरळ करायचा, प्लास्टर घालायचं, पंधरा दिवसांनी काढायचं, आणखी थोडा सरळ करायचा, पुन्हा प्लास्टर. खेड्यातल्या मुलांना, लहान दवाखान्यात, चिरफाड न करता याचा किती गुण येतो ते सरकारला पाहायचं होतं. मंजुरी तीन वर्षांची. निकाल चांगला आला तर मुदतवाढ, आणि पुढं आमच्याकडं हाडांचा कायमचा वॉर्ड.

कॉलेजातून एक मोठे डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा गाडीनं यायचे. बाकीचे दिवस सगळा भार एका तात्पुरत्या जागेवरच्या माणसावर. गावोगाव फिरून अशी मुलं शोधायची, आयांना समजवायचं, प्लास्टरच्या दिवशी त्यांना आणायचं, आणि पाय बरा झाल्यावर वर्षभरानं पुन्हा तपासणीला आणायचं. त्या जागेवर भाऊ आले. हिंदीवाले त्यांना 'पाँववाले भैया' म्हणू लागले आणि आम्ही पायवाले भाऊ. त्यांचं खरं नाव फक्त माझ्या हजेरीपटावर होतं.

लालबर्रा रस्त्यावरच्या एका खेड्यातलं बौद्ध घर त्यांचं. नागपूरच्या दीक्षेची गोष्ट ते एकदा तरी ऐकवायचेच. "मी गेलतो ना, बाबूजी. लोकं मंचाकडं पाहून राह्यलते, मी खाली पाय पाहून राह्यलतो. एवढे पाय, बाप्पा. आन् सारे आपल्या मनानं चालत आलते."

सायकलच्या कॅरियरला मेणकापडाची गुंडाळी बांधलेली असायची. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बाया पोराला धुऱ्यावर, बांधावर, ठेवून चिखलात उतरायच्या आणि पावसानं प्लास्टर भिजून पेज व्हायचं. म्हणून भाऊंनी मेणकापडाच्या पिशव्या शिवल्या होत्या. प्रत्येक प्लास्टरवर एक पिशवी, वर सुतळीची गाठ. मोठ्या डॉक्टरांनी ती पिशवी पहिल्यांदा पाहिली तेव्हा उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "ये तो हमारी किताब में नहीं है, भैया।" भाऊ लाजून आपल्याच पायांकडं पाहत राहिले.

सगळ्याच घरांत त्यांना आत घेत असत असं नाही. तो काळ तुम्हाला ठाऊक आहे. काही घरांत त्यांना ओट्याच्या खाली उभं ठेवायचे आणि पोराला वर धरून दाखवायचे. एकदा मी बरोबर होतो. परतताना माझंच तोंड उतरलेलं पाहून ते म्हणाले, "खालून पाय बेस दिसते, बाबूजी." आणि सायकलवर टांग टाकली. त्याच पोराला पुढं ते छातीशी धरून दवाखान्यात आणायचे. दवाखान्यात त्यांच्या हाताची कुणाला अडचण नव्हती.

आता एक रिवाज सांगायला हवा. आमच्या भागातल्या हाडवैद्यांकडं हाड जुळलं, त्यावर बांधलेल्या बांबूच्या खपच्या सुटल्या की वैद्य नारळ घेतो आणि सांगतो, पुन्हा या दारात यायचं नाही. बरं झालेलं माणूस वैद्याच्या दारात गेलं तर दुखणं त्याला ओळखतं आणि पाठोपाठ घरी येतं, असा समज. भाऊंचा त्यावर विश्वास नव्हता. पण शेवटचं प्लास्टर कापलं, पोराची टाच टेबलावर टेकली, की ते त्या पायावरून हात फिरवून आईला म्हणायचे, "जा माय. आता हा रस्ता भूल."

मी त्यांना एकदा टोकलं. म्हटलं, बौद्ध झालात आणि हे काय?

"मी नाही मानत. पन त्या मायले बरं वाटते ना. वर्सभर येऊन राह्यली बिचारी."

ते ऐकताना बाया डोळ्याला पदर लावायच्या. आम्हालाही ते ऐकायला आवडायचं. मोठे डॉक्टर मराठी न कळताही हसायचे. त्या एका वाक्यानं पुढं काय होणार आहे, हे एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या वर्षी भाऊंना मुलगी झाली. तिचा उजवा पाय आत वळलेला. त्यांनी मला घरी नेऊन दाखवला. बायको भिंतीकडं तोंड करून बसली होती. भाऊ मात्र म्हणत होते, "बरं झालं आपल्याच घरी आली. दुसरीकडं गेली असती तं मले शोधत जा लागलं असतं."

प्लास्टरची पावडर मोजकी यायची, डॉक्टरांचा दिवसही एकच, त्यामुळं मुलांची यादी असायची. ती भाऊ ठेवायचे. मुलीचं नाव त्यांनी सगळ्यांत खाली घातलं. नवी मुलं आली तशी ती आणखी खाली सरकली, कारण लांबून येणाऱ्याला परत पाठवायचं भाऊंना जमत नव्हतं. मी चिडून विचारलं, "काहून भाऊ? यादी तं तुमच्याच हातात आहे."

"म्हनूनच ना, बाबूजी."

तिचा नंबर लागला तो योजनेच्या शेवटच्या वर्षात. वय वाढलेलं, हाड घट्ट झालेलं, पण पाय वळायला लागला. प्रत्येक प्लास्टर सुटलं की भाऊ तिची टाच टेबलाला टेकवून मधे बोट घालून पाहायचे. आधी तीन बोटं मावायची, मग दोन. "एक बोट राह्यलं," ते मला येऊन सांगायचे. "मुदत वाढली की दोन-तीन प्लास्टरचं काम."

आणि त्याच सुमारास शेवटचा अहवाल पाठवायची वेळ आली.

फॉर्म वरून छापून आला होता. प्रत्येक मुलासमोर लिहायचं होतं, बरा, सुधारला, की बरा नाही. खाली बारीक अक्षरांत एक नियम होता. वर्षअखेरच्या तपासणीला डॉक्टरांसमोर जो रुग्ण आला नाही तो 'बरा नाही' मध्ये धरावा. मोठ्या डॉक्टरांनी तो भाऊंना समजावून सांगितला. "देखो भैया, जो आया नहीं, वो सरकार के लिए ठीक हुआ नहीं।" भाऊ म्हणाले, "साहब, मैं देख के आया ना।" डॉक्टर हसले नाहीत. "तुम्हारा देखना नहीं चलेगा।"

भाऊ सायकल घेऊन निघाले. वारासिवनीच्या बाजूला गेले, राजेगावपर्यंत गेले. पोरं अंगणात पळत होती. आया भाऊंना पाहून आधी हसायच्या आणि तपासणीचं नाव काढलं की पोराला उचलून घरात न्यायच्या. एका बाईनं तर हात जोडले. "भाऊ, तूच तं म्हनलतं, रस्ता भूल. आता तूच बलावून राह्यला? माह्या लेकराचा पाय पुन्हा वाकडा करतं का?" भाऊंना तिच्याशी भांडता येईना. शब्द त्यांचाच होता.

तपासणीच्या दिवशी व्हरांडा भरला होता. आले ते कोण? ज्यांचे पाय पुन्हा वळले होते ते, ज्यांनी प्लास्टर मधेच सोडलं होतं ते. ज्यांना अजून गरज होती ते सगळे आले. बरे झालेल्यांपैकी जवळजवळ कुणीच नाही. डॉक्टर एकेक पाय पाहत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. भाऊ खांबाला टेकून उभे होते. त्या दिवशी त्यांनी कुणालाच टाच टेकली का म्हणून विचारलं नाही.

मग त्यांनी एक युक्ती काढली. पोरं दवाखान्यात येत नाहीत ना, मग पायच आणू. किराणा दुकानातून खाकी कागद घेतला, भिंतीला लावायचा गेरू घेतला. गावात जायचं, डब्याच्या झाकणात गेरू कालवायचा, पोराचा तळवा त्यात बुडवायचा आणि कागदावर उभं करायचं. दवाखान्यात जायचं नाही म्हटल्यावर आयांची हरकत नव्हती, पोरांना तर खेळच. वळलेल्या पायाचा ठसा नुसत्या बाहेरच्या कडेचा उमटतो. बऱ्या पायाचा ठसा पूर्ण, आणि मागं टाचेचा गोल. न शिकलेल्या माणसालाही फरक कळावा असे ते कागद होते. प्रत्येकावर मुलाचं नाव, गाव, आणि साक्षीला सरपंचाची नाहीतर शाळामास्तरची सही. कितीतरी दिवस भाऊ हेच करत फिरत होते.

लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला तो गठ्ठा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. सगळ्यांत वर त्यांच्या मुलीचा ठसा होता. "हा 'सुधारला' मधे टाका, बाबूजी. खोटं नोको."

मोठ्या डॉक्टरांच्या बदलीची ऑर्डर तोवर आली होती. जाताना ते मला म्हणाले, "वो ठप्पे भी भेज देना, बाबू। देखते हैं।"

मी ते पाठवले नाहीत.

एवढं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. कारण सांगतो, ते ऐकून तुम्हाला माझी कीव येणार नाही आणि येऊही नये. मी अहवाल स्वच्छ टाईप केला होता. पांढरा कागद, सारखे समास. त्यावर तो गठ्ठा ठेवला तर गेरूची लाल भुकटी पहिल्याच पानावर पडली. झटकली तर आणखी पसरली. ते पान मी पुन्हा टाईप केलं आणि मनात आलं, दिल्लीतले मोठे लोक हे किराणा दुकानातले कागद पाहतील आणि बालाघाटच्या बाबूला हसतील. मागितले तर पाठवू. गठ्ठा मी कपाटावर ठेवला. माझा अहवाल डागाशिवाय गेला.

पत्र आलं ते टपाल फोडताना मीच आधी वाचलं. मुदतवाढ नाकारली होती. शेवटी लिहिलं होतं, तपासणीस न आलेल्या रुग्णांविषयी कोणताही पुरावा अहवालासोबत जोडलेला नाही.

भाऊ दुपारी आले. मी नाकारल्याचं सांगितलं. ते बाकावर बसले आणि म्हणाले, "ठसे पाह्यले का त्यायनं?"

"पाहिले," मी म्हणालो.

"काय म्हने?"

"चांगले आहेत म्हणे."

ते बाकावरून उठले. मग म्हणाले, "ठसे पाहूनबी नाही म्हनले, मंग माहीच चूक. मीच सांगतलं ना सगळ्यायले, रस्ता भूल. माह्या जिभेनं गेलं, बाबूजी."

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. नोकरी गेली असती असंही नाही, फार तर ताकीद मिळाली असती. पण लाज वाटली. तेवढ्या लाजेसाठी मी त्या माणसाच्या डोक्यावर माझं ओझं दिलं आणि ते त्यानं मुकाट्यानं घेतलं.

जागा संपली. प्लास्टरची पावडर यायची थांबली. नवे डॉक्टर हाडांचे नव्हते. भाऊ मुलीला घेऊन गाडीनं त्या मोठ्या शहरात काही वेळा गेले. मग वारासिवनीच्या एका राईस मिलमध्ये काम मिळालं आणि तिथं पंधरा दिवसांनी सुट्टी मागणारा माणूस कुणाला हवा होता. घरी कापडाच्या पट्ट्या बांधून त्यांनी पाय धरून ठेवायचा प्रयत्न केला. एक बोट होतं तिथं पुन्हा दोन झाली, मग तीन. पोर चालायला लागली ती पायाच्या कडेवर.

बालाघाटला आले की ते माझ्याकडं यायचे. दारात उभं राहून आधी माझ्या पायांकडं पाहायचे. माझ्या मुलाच्या शाळेबद्दल, बायकोच्या दम्याबद्दल विचारायचे, "टाच टेकली का?" त्यांच्या मुलीबद्दल मी कधी विचारलं नाही. कचेरीला रंग द्यायला घेतला तेव्हा गठ्ठा मी घरी आणून ट्रंकेत ठेवला होता. ते ज्या खाटेवर बसून चहा प्यायचे तिच्याच खाली ती ट्रंक होती.

मिलच्या भुश्यानं त्यांची छाती धरली. सत्तरनंतरची गोष्ट. वय जाण्यासारखं नव्हतं. मला निरोप मिळाला तोवर सगळं उरकलं होतं, म्हणून मी मागाहूनच्या वंदनेला, पुण्यानुमोदनाला गेलो. निघताना ट्रंक उघडली आणि गठ्ठा घेतला. निदान आता सांगू, असं ठरवलं होतं. कुणाला सांगणार होतो ते मलाही माहीत नव्हतं.

वंदना झाली, गावातले लोक बोलून झाले. आणि मग लालबर्ऱ्याच्या रस्त्यानं माणसं येताना दिसली. बाया होत्या, बाप होते, आणि त्यांच्यासोबत नऊ-दहा वर्षांची, बारा वर्षांची मुलं. काही वारासिवनीकडून बसनं येऊन पुढं चालत आली होती. ज्या घरांनी भाऊंना ओट्याखाली उभं केलं होतं त्यांतलीही काही होती. अंगणात येऊन ती मुलं ओळीनं फोटोसमोर उभी राहिली. मी खाली पाहिलं. दोन दोन टाचा, जमिनीला लागलेल्या.

जवळच्या बाईला मी विचारलं, "इतक्या वर्षांत कधी आल्या नाही?"

"कशी येऊ, बाबूजी? भाऊनंच सांगतलतं, रस्ता भूल. तो होता तवरी त्याचा शबद होता." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आज तो गेला, तं आलो."

एकेका मुलाला त्याची आई नाव सांगून पुढं ढकलत होती आणि ती नावं मला पाठ होती. प्रत्येकासमोर मी स्वतःच्या हातानं 'बरा नाही' टाईप केलं होतं.

भाऊंची मुलगी सगळ्यांना पाणी देत फिरत होती. उजवा पाय कडेवर टाकत, तांब्या न हिंदकळू देता. पाण्याचा पेला पुढं करण्याआधी ती समोरच्याच्या पायांकडं पाहायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्यापर्यंत आली तेव्हा काखेतल्या गठ्ठ्याकडं तिची नजर गेली. मी तो सोडून तिच्यासमोर ठेवला. गेरू अजून लाल होता. पोरं गोळा झाली, आपापली नावं शोधून हसायला लागली, एवढासा होता का माझा पाय म्हणून. तिला तिचा सापडला, सगळ्यांत वरचा. तिनं त्यावर बोट फिरवलं, जिथं टाच असायला हवी तिथं थांबली.

"हे तं दिल्लीले गेलते ना?" तिनं विचारलं. "बाबा म्हने, साह्यबायनं पाह्यले, चांगले म्हनले. मंग वापस पाठवले का?"

अंगणात सगळे होते. तिची आई उंबऱ्यात बसून माझ्याकडं पाहत होती. एवढं ठरवून आलो होतो.

"हौ," मी म्हणालो. "वापस पाठवले."

तिनं मान हलवली. कागद एकावर एक नीट लावले, लुगड्याच्या तुकड्यात पुन्हा बांधले आणि बापाच्या फोटोखाली ठेवायला घरात गेली. पाणी देताना तिचे पाय भिजले होते. ओट्यावर तिच्या पावलांच्या खुणा उमटल्या. डावी पूर्ण होती. उजवीला टाच नव्हती.